कंसात गेलेला मजकूर

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यालगत भनपुरी आहे. एकेकाळचं गाव, आता शहर आणि औद्योगिक वसाहत यांत मिसळून गेलेलं. तिथल्या कुठल्याही नोंदणीकृत कंपनीच्या हिशेबनीसाला १ एप्रिल २०२३ पासून एक बंधन पाळावं लागतं, आणि ते देशभरातल्या सगळ्याच कंपन्यांना लागू आहे. हिशेब संगणकावर ठेवायचे असतील तर सॉफ्टवेअर असं हवं, की नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह आत टिपला जाईल आणि ही टिपणी कोणाला बंद करता येणार नाही. पंचेचाळीस हजारांचं बिल चोपन्न हजारांचं म्हणून चढलं तर ते दुरुस्त करायला कसलीच आडकाठी नाही. मात्र आधी तिथे चोपन्न होते, ही गोष्ट दप्तरी राहते. आता तोच माणूस त्याच संगणकावर बँकेला पत्र लिहायला बसतो. तासभर खपून मजकूर बांधतो. मघाशी खोडलेलं एक वाक्य बरं होतं असं वाटून कंट्रोल झेड दाबत दहा पावलं मागे जातो, वाक्य पाहतो, आणि पुढे यायच्या आत स्पेसबारला हात लागतो. ती दहा पावलं गेली. बहुतेक संपादकांत, म्हणजे लिहिण्याच्या सॉफ्टवेअरांत, ती पुन्हा मिळत नाहीत. आकड्यांच्या खाडाखोडीला कायद्याचं संरक्षण आहे. मजकुराच्या खाडाखोडीला त्याच टेबलावर कोणी वाली नाही.

मजकुराच्या संपादकांत बदल मागे घेण्याची ही सोय, म्हणजे अनडू, सुधारायची ती मागे जाण्याची पावलं वाढवून, असंच बराच काळ मानलं गेलं. एकाची शंभर झाली, शंभराची अमर्याद झाली, आणि काम संपलं असं वाटू लागलं. मला ही समजूत चुकीची वाटते. अनडूचा कस किती मागे जाता येतं यावर लागत नाही. मागे जाऊन नव्या वाटेने निघाल्यावर जुनी वाट शिल्लक राहते की नाही, यावर लागतो. हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. पोथ्या लिहिणारे, दफ्तरं सांभाळणारे, तलाठी आणि पाठचिकित्सक या सगळ्यांना तो पडला होता. त्यांनी दिलेल्या उत्तरांपैकी एक उत्तर आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरपेक्षा पुढचं आहे.

पोथी लिहिणाऱ्याचं उत्तर आधी पाहू. हरताळ हे आर्सेनिकचं पिवळं खनिज. ते उगाळून डिंकाच्या पाण्यात कालवायचं आणि चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप द्यायचा. लेप वाळला की त्याच जागी नवं अक्षर लिहायचं. कीड लागू नये म्हणून कागदालाही पुष्कळदा हरताळ लावलेला असे, त्यामुळे लेपाचा डाग फारसा उठून दिसत नसे. सुटलेलं अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहिलं जाई. लेखनिकाचं काम समोरची प्रत जशीच्या तशी उतरवण्याचं होतं. त्याची चूक ही फक्त चूकच होती, तिच्यात जपण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ती झाकणं योग्यच होतं. आज आपण बॅकस्पेस दाबून चुकलेली वेलांटी काढतो तेव्हा नेमकं हेच करतो, आणि तिथे याहून जास्त काही लागतही नाही.

दफ्तरात मात्र ही रीत चालली नसती. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल, भनपुरी ज्यात आहे त्या छत्तीसगडावर बसला, आणि रतनपूरहून कारभार पाहणाऱ्या बिंबाजी भोसल्यांच्या काळात, म्हणजे १७५८ ते १७८७ या वर्षांत, मराठी भाषा आणि मोडी लिपी तिथल्या राजकारभारात रुजली. मोडी कागद पाहिला की त्यामागची काळजी कळते. आधी कागदभर शिरोरेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जायची. मजकूर संपला की शेवटी मोर्तब उठवायचं, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ घुसवता येऊ नये. दफ्तरातला कागद पुढे पुरावा म्हणून उभा राहणार होता. तिथे अक्षरावर लेप दिसला तर संशय कागदावर नाही, माणसावर गेला असता. त्यामुळे या परंपरेत दुरुस्तीचा अर्थ बदलला. जुनं रद्द करायचं, पण नष्ट करायचं नाही.

या रीतीचं सर्वांत पक्कं रूप आपल्या सातबाऱ्यात आहे, आणि ते इतकं रोजचं आहे की त्यातली बुद्धी कोणाच्या नजरेत भरत नाही. जमीन विकली गेली, वारस लागले, बोजा चढला, की तलाठी आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक देऊन नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित तरी करतो किंवा रद्द तरी. नोंद प्रमाणित झाली की सातबाऱ्यावरच्या जुन्या नावाला २०२० पर्यंत कंस होत असे, खाली नवं नाव येई, आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक बसे. कंसातलं नाव वाचता येई. ते का गेलं, हे क्रमांकावरून शोधता येतं. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी, की नामंजूर झालेला फेरफारसुद्धा वहीत राहतो. त्याचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला मिळत नाही. जी वाट धरली आणि सोडून दिली, तिचीही जागा पक्की असते. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, आणि कमी केलेल्या नोंदी कंसाऐवजी आडवी रेघ मारून दाखवायचं ठरलं. खूण बदलली, पण रेघेखालचं नाव आजही वाचता येतं. छत्तीसगडात पटवारी, खसरा, बी-१ आणि नामांतरण असे शब्द आहेत आणि तिथले अभिलेख ‘भुइयां’ या संगणक प्रणालीवर आहेत. शब्द निराळे असले तरी भूमी अभिलेखाची मूळ गरज तीच आहे: आजचा मालक कोण याबरोबरच कालचा कोण होता आणि तो कसा गेला, हे सांगता यावं.

महाराष्ट्रात सातबारे संगणकावर चढवताना असंख्य चुका झाल्या. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घेऊन त्या शोधाव्या लागल्या. लेखनातली चूक सुधारायला १९६६च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे, आणि त्यातही पक्षकारांना नोटीस देणं अपेक्षित आहे. कोणी म्हणेल, साध्या टंकनदोषासाठी एवढा खटाटोप कशाला? पण साध्या टंकनदोषाच्या नावाखाली माणसाची जमीन जाऊ शकते. संगणकाने दुरुस्ती सोपी केली तेव्हा ती किती सोपी असावी, याचा विचार महसुली व्यवस्थेला करावा लागला. लेखनाच्या सॉफ्टवेअरने तो करायचं टाळलं.

इथे आक्षेप येईल की जमीन ही मालमत्ता आहे आणि लेख हा लेख. कथेच्या दुसऱ्या खर्ड्यात कोणतं वाक्य होतं, याने कोणाचं काय बिघडतं? मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचं पुष्कळ बिघडलेलं आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ग्रंथ लिहिला गेल्यापासून जवळजवळ तीनशे वर्षं उलटली होती, प्रतीप्रतींत पाठ बिघडले होते आणि ते निवडून सरळ करणं हे मोठंच उपकाराचं काम होतं. त्या शुद्ध प्रतीवर वारकरी परंपरा उभी राहिली. पण कुठला शब्द काढून कुठला बसवला, ही नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. तशी नोंद ठेवण्याची त्या काळी रीत नव्हती, त्यामुळे दोष एकनाथांचा नाही. परिणाम मात्र टळला नाही. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली एक जुनी प्रत छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचं सांगितलं, तेव्हापासून कुठला पाठ मूळचा या वादाला जे तोंड फुटलं ते मिटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासकांनी तर्काने जे शोधलं, त्यातलं बरंच समासातल्या चार खुणांनी सांगितलं असतं.

याच्या शेजारी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचं काम ठेवून पाहावं. १९१९ साली तिथे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला आरंभ झाला, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिला शिस्त लावली, आणि १९६६ मध्ये ती पुरी झाली. बाराशेहून जास्त हस्तलिखितं तिच्यासाठी जमवली गेली. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी स्वीकारलेली संहिता आहे, तळाशी नाकारलेले पाठ कुठल्या प्रतीत काय आहे या खुणांसह दिले आहेत, आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टांत घातले आहेत. निर्णय संपादकांचाच आहे, तो त्यांनी गुळमुळीत ठेवलेला नाही. पण वाचकाला तो पटला नाही तर तळटीप घेऊन त्याला वेगळा निर्णय करता येतो. एकनाथांची शुद्ध प्रत आणि सुकथनकरांची आवृत्ती या दोन्हींत पाठ निवडलेले आहेत. नाकारलेल्या पाठांचं काय झालं, एवढाच त्यांत फरक आहे.

छापखान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे खाडाखोडीला पैशाचं माप लागलं. खिळे जुळवून छपाई होत असताना पहिल्या ओळीत एक शब्द वाढला की परिच्छेदाच्या शेवटापर्यंतच्या ओळी कंपोझिटरला सरकवाव्या लागत. मुद्रितशोधकाच्या खुणांचं गॅली प्रूफ म्हणजे बदलांचा लेखी दाखलाच असे, पण फर्मा छापून झाला की ते रद्दीत जाई आणि खिळे सुटे होऊन पुन्हा केसच्या घरांत पडत. छापखान्याला इतिहास नको होता, निर्दोष पान हवं होतं. संगणकावरच्या लेखनाने आपले बरेच संस्कार या छापखान्याकडून आणि टंकयंत्राकडून घेतले. त्यामुळे अंतिम पान महत्त्वाचं आणि वाटेतला मजकूर फेकायचा, हा संस्कारही आपोआप आला असावा.

‘असावा’ म्हणतो, कारण आरंभीच्या काही कर्त्यांची दृष्टी याहून मोठी होती. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात आंद्रिस व्हॅन डॅम यांच्या गटाने १९६८ पासून उभारलेल्या ‘फ्रेस’ या प्रणालीत बदल मागे घेण्याची सोय होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी वॉरन टायटेलमन यांनी लिस्प या भाषेत काम करणाऱ्यांसाठी ‘प्रोग्रामर्स असिस्टंट’ तयार केला. त्यात दिलेल्या प्रत्येक आज्ञेला क्रमांक मिळे, आज्ञांची यादी राही, आणि मधलीच एखादी आज्ञा क्रमांक सांगून उलटवता येई. शेवटून पाचवी उलटवायची तर अलीकडच्या चारांना धक्का लावायची गरज नसे. फेरफार नोंदवही माहीत असलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल. म्हणजे अनडूचा इतिहास गरीब आरंभापासून श्रीमंत शेवटाकडे सरळ चढत गेलेला नाही. आरंभीच एक भरघोस कल्पना होती, आणि ती सर्वसामान्यांच्या यंत्रात येताना वाटेत गळून पडली.

गळण्याचं कारण समजण्यासारखं आहे. १९७४ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ हा संपादक रचला. तो ज्या ऑल्टो संगणकावर चालत असे त्याची स्मृती सुरुवातीला १२८ किलोबाइट होती. मजकूर, अक्षरांची वळणं आणि पडद्यावरचं चित्र एवढ्यात बसवायचं, मग बदलांचा इतिहास कुठे ठेवणार? ब्राव्होबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. त्यात आज्ञा एकेका अक्षराच्या होत्या. टंकनाची स्थिती नाही हे न कळता कोणी ‘एडिट’ हा शब्द त्याच्या चार रोमन अक्षरांनी टंकला, तर ‘ई’ने सगळा दस्तऐवज निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने लिहायची स्थिती चालू होई आणि ‘टी’ हे अक्षर उमटे. उरे ते एवढंच. मागे घेण्याची सोय फक्त शेवटच्या आज्ञेपुरती, आणि शेवटची आज्ञा ‘टी’ लिहिण्याची, म्हणून दस्तऐवज परत येत नसे. त्याच ब्राव्होत मात्र यंत्र बंद पडलं तर त्या बैठकीतल्या सगळ्या आज्ञा नोंदीवरून पुन्हा चालवून काम परत आणण्याची सोय होती. नोंद होती, लिहिणाऱ्याच्या हाती ती दिलेली नव्हती.

१९७६ साली आयबीएममधल्या लान्स मिलर आणि जॉन थॉमस यांनी निदान शेवटची आज्ञा तरी परत घेता यावी असं लिहून मांडलं. बिल जॉय यांच्या ‘व्हीआय’ संपादकात तेवढंच होतं: ‘यू’ दाबा, शेवटचा बदल उलटेल, पुन्हा दाबा, उलटलेलं सुलटेल. ॲपलच्या लिसाने १९८३ मध्ये आणि मॅकिन्टॉशने १९८४ मध्ये अनडू सर्वांच्या मेनूत आणलं, झेडची कळ रूढ केली, आणि तिथेही पाऊल एकच होतं. वर्डपरफेक्टने वेगळी युक्ती केली. शेवटचे तीन खोडलेले मजकूर ते बाजूला ठेवी आणि मागाल तिथे आणून देई. ही सोय मला फार समंजस वाटते, कारण ती काळाला मागे नेत नव्हती, खोडलेलं हाती देत होती. १९९०च्या दशकात स्मृती स्वस्त झाली, वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बहुपावली अनडू आलं, आणि जगाला ते पुरेसं वाटलं. विंडोजचं नोटपॅड तर विंडोज ११पर्यंत एकाच पावलावर थांबलेलं होतं.

बहुपावली अनडूची रचना थप्पीसारखी असते. केलेले बदल एकावर एक रचले जातात. मागे जाताना वरचा उचलून दुसऱ्या थप्पीवर ठेवला जातो, पुढे येताना तो परत आणला जातो. पण मागे गेल्यावर नवं काही लिहिलं की ती दुसरी थप्पी फेकून दिली जाते, कारण नवा भूतकाळ आणि जुना भविष्यकाळ एका रांगेत बसत नाहीत. स्मृतीची टंचाई संपून कितीतरी वर्षं लोटली, तरी ही फेकाफेक चालू आहे. लेखनात मागे जाऊन नवं सुचणं हा अपवाद नव्हे. विचार तसाच चालतो. पहिला परिच्छेद काढून पाहिला, दुसरा रचला, तो जमला नाही, मग पहिल्यातली दोन वाक्यं हवीशी वाटली: लिहिणाऱ्या प्रत्येकाचा दिवस असाच जातो. नेमक्या या क्षणी संपादक त्याची जुनी वाट बुजवतो.

ती न बुजवण्याचे दोन मार्ग प्रत्यक्षात आलेले आहेत. जीएनयू ईमॅक्समध्ये मागे जाणं हाही एक बदल मानला जातो आणि यादीच्या शेवटी लिहिला जातो; म्हणून पुरेसं मागे गेलं तर मागे जाण्याच्याही मागे जाता येतं, आणि काही हरवत नाही. हिशेबातली उलट नोंद याच तत्त्वाची. दुसरा मार्ग व्हिमने घेतला. २००६ सालच्या सातव्या आवृत्तीत त्याने थप्पी सोडून झाड स्वीकारलं. मागे येऊन नवं लिहिलं की तिथे फांदी फुटते आणि जुनी फांदी तशीच राहते. दहा मिनिटांपूर्वी मजकूर कसा होता, असंही विचारता येतं. २०१० पासून हे झाड फाइल बंद केल्यावरही टिकवता येऊ लागलं. पण दोन्ही संपादक मुख्यतः प्रोग्रामरांचे. कादंबरीकार, वकील, शिक्षक आणि भनपुरीतला हिशेबनीस वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सहसा नसते. ऑनलाइन संपादकांत आवृत्त्यांचा इतिहास असतो, तो उपयोगी आहे. पण तो ठरावीक अंतराने काढलेल्या प्रतींचा. दोन प्रतींच्या मध्ये आलं आणि गेलं ते त्यात शोधणं कठीण.

आता यावरचे दोन मोठे आक्षेप. पहिला गोंधळाचा. साध्या माणसाला एक कळ समजते. फांद्या दाखवल्या तर तो हरवेल. झाडाचं चित्र दाखवणाऱ्या खिडक्या क्लिष्ट असतात, हे मला मान्य आहे. परंतु जपणं आणि दाखवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सातबाऱ्यावर कंस वाढून जागा संपली की तलाठी त्याचं पुनर्लेखन करीत असे. नव्या उताऱ्यावर चालू नोंदी तेवढ्या येत, आणि जुना उतारा अभिलेख कक्षात जाई. शेतकऱ्याला स्वच्छ उतारा मिळे, आणि वाद निघाला तर जुना काढता येई. मजकुराच्या संपादकानेही रोजची कळ एकच ठेवावी, तिच्या वागण्यात काही बदलू नये. फक्त जी थप्पी आज फेकली जाते ती आत ठेवावी आणि विचारल्यावर द्यावी. याने कोणीही हरवणार नाही.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो जास्त गंभीर आहे. खोडलेलं खोडलेलंच राहावं, हा माणसाचा हक्क आहे. रागाच्या भरात लिहून काढून टाकलेलं वाक्य पुढे कोणाच्या हाती लागता कामा नये. ही भीती काल्पनिक नाही. जुन्या वर्डमध्ये जलद जतन करण्याच्या सोयीमुळे खोडलेला मजकूर फाइलच्या पोटात राहून जाई. २००३ साली ब्रिटिश सरकारने इराकबद्दल प्रसिद्ध केलेल्या एका वर्ड फाइलमध्ये ती कोणी कोणी हाताळली होती त्यांची नावं तशीच राहिली आणि ती जगाने वाचली. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ साली झालेल्या कायद्यातही माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. म्हणून इतिहास दस्तऐवजात दडवून ठेवणं मला मुळीच मान्य नाही. तो लिहिणाऱ्याजवळ, वेगळा असावा. व्हिम हेच करतो: बदलांचं झाड निराळ्या फाइलमध्ये ठेवतो, मूळ फाइल कोणाला पाठवली तर झाड सोबत जात नाही. आणि ज्याला समूळ पुसायचं आहे त्याला तसं करता आलं पाहिजे, पण ते त्याने जाणून केलेलं कृत्य असावं. आजच्या संपादकांत समूळ पुसणं स्पेसबारच्या धक्क्याने होतं, आणि ज्याला खरंच पुसायचं आहे त्याला ते नक्की पुसलं गेलं का याची खात्री मिळत नाही. हक्क दोन्हीकडून बुडतो.

एकाच मजकुरावर अनेकजण लिहू लागले की ‘शेवटचा बदल’ कोणाचा, असा प्रश्न उभा राहतो. अतुल प्रकाश आणि मायकेल निस्टर यांनी १९९४ मध्ये यावर लिहिलं, तेव्हा त्यांची मुख्य चिंता हीच होती की मी अनडू दाबलं तर माझाच बदल उलटला पाहिजे, शेजाऱ्याचा नाही. म्हणजे रांगेतला मधलाच बदल काढायचा आणि नंतरचे शाबूत ठेवायचे, टायटेलमन यांच्या क्रमांकांसारखं. हे अवघड आहे, कारण नंतरचा बदल आधीच्यावर उभा असू शकतो. पण अशक्य नाही, आणि मराठीत ते रोज घडतं. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियात प्रत्येक पानाला इतिहास आहे. त्यातली कुठलीही जुनी दुरुस्ती एकटी मागे घेता येते. नंतरच्या दुरुस्त्या तिच्याशी भिडत असतील तर प्रणाली तसं सांगते आणि निर्णय माणसावर सोपवते. मागे घेणं हीसुद्धा एक नोंद होते आणि तिला कारण लिहिता येतं. शेकडो सामान्य मराठी माणसांनी ही पद्धत शिकून घेतली आहे. गोंधळाच्या आक्षेपाला याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

राहतो तो प्रश्न पावलाच्या लांबीचा, आणि मराठीत लिहिणाऱ्याला तो सर्वांत आधी टोचतो. ‘क्षत्रिय’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो आठ चिन्हांचा आहे, कारण प्रत्येक हलंत, प्रत्येक जोडलेलं व्यंजन आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. ईमॅक्स सलग टंकलेली चिन्हं वीसपर्यंत एका पावलात गोळा करतो. इंग्रजीत ते तीन-चार शब्द होतात, जोडाक्षरांनी भरलेल्या मराठीत दोन-अडीच, आणि पाऊल कधी कधी अक्षराच्या मध्येच तुटतं. ‘त्रि’मधला ‘त्’ एका पावलात आणि ‘रि’ दुसऱ्यात, असं झालं की मागे जाताना पडद्यावर लटकत्या पायाचा मोडका ‘त्’ दिसतो. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत हा त्रास वेगळ्या तऱ्हेने होता, कारण तिथे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई आणि अर्धी अक्षरं सुट्या तुकड्यांची असत. रोमन अक्षरांतून देवनागरी करणाऱ्या कळफलकांनी आणखी एक गुंता आणला: स्पेस दाबल्यावर पूर्ण शब्द बदलला जातो, आणि मागे जाताना कुठे तो शब्द जातो, कुठे त्यातलं एखादं चिन्ह जातं, कुठे आधीची रोमन अक्षरं परत येतात. भारतीय लिपींसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक आणि इस्की संकेत १९८०च्या दशकात ठरले, आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ या लिपी-तंत्रज्ञानाचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं, आणि अक्षर पडद्यावर नीट जुळण्यासाठी तिथल्या माणसांनी फार मोठे कष्ट घेतले. लिहिणं त्यांनी सोडवलं. लिहिलेलं मागे घेण्याचं एकक कोणतं असावं, हे ठरवण्याचं काम कळफलक करणारे संपादकावर आणि संपादक करणारे कळफलकावर टाकतात. ते निदान पूर्ण अक्षर असावं, आणि सलग टंकनात पूर्ण शब्द, एवढं तरी दोघांनी मिळून मान्य करायला हवं. त्याआधी मराठी संपादकांत फांद्या जपायला सुरुवात झाली, तर त्या फांद्यांवर मोडकी अक्षरं जपली जातील.